रोबोकोड : प्रोजेक्ट बिनचूक कंपाइल होतो, पण लढतीच्या यादीत रोबो दिसतच नाही

गणित_ताई

नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला गणित शिकवते. प्रोग्रामिंग माझं मीच शिकले, जावा या भाषेशी ओळख जेमतेम वर्षभराची. सुट्टीनंतर मुलांसाठी आठवड्याला एक तास सुरू करायचा मनात आहे: रोबोकोड या खेळात प्रत्येकाने आपापला रणगाडा (खेळाच्या भाषेत रोबो) चालवणारा कोड जावात लिहायचा आणि शनिवारी लढती लावायच्या. कोन, दिशा, वेग, अंतर हे सगळं खरोखर वापरावं लागतं असा खेळ मला दुसरा सापडला नाही. त्रिकोणमिती फळ्यावर आली की "बाई, हे लागतं कुठे?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी माझं उत्तर तोकडं पडतं. यंदा मला ते दाखवायचंय.

पण तीन रात्री झाल्या, मी पहिल्याच पायरीवर अडकले आहे. काय काय केलंय ते नीट सांगते.

रोबोकोड सी ड्राइव्हवर त्याच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये आहे. सोबत आलेले नमुना रोबो दिसतात, लढतातही. माझं लिखाण मात्र डी ड्राइव्हवर आहे. इंटेलिजे या कोड लिहायच्या साधनात 'रोबो' नावाचा साधा जावा प्रोजेक्ट केला आणि खेळाच्या 'लिब्ज' फोल्डरातली रोबोकोडची जार फाइल (तयार जावा कोडचं गाठोडं) त्याला जोडली. 'पहिला' नावाचं पॅकेज (क्लास ठेवायचा कप्पा), त्यात 'गरुड' हा क्लास, 'अ‍ॅडव्हान्स्ड रोबोट'वरून एक्स्टेंड केलेला. एकही तांबडी रेघ नाही. बिल्ड केलं, म्हणजे लिखाण जावाला चालवता येईल अशा रूपात बदललं (कंपाइल केलं), की 'आउट', त्यात 'प्रॉडक्शन', त्यात 'रोबो', त्यात 'पहिला' अशा फोल्डरांच्या आत गरुडची क्लास फाइल तयार होते. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मग खेळात ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, डेव्हलपमेंट ऑप्शन्स इथे जाऊन त्या क्लास फाइलच्या फोल्डरचा, म्हणजे अगदी 'पहिला'पर्यंतचा पत्ता दिला. खेळ बंद करून पुन्हा उघडला. नव्या लढतीच्या यादीत गरुड नाही.

इंटेलिजेतलं हिरवं बटण दाबून बघितलं तर 'मेन मेथड सापडली नाही' असं म्हणतो (साधा प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेथड). मग मी एक रिकामी मेन मेथड लिहिली. तक्रार गेली, पण घडलं काहीच नाही.

माझं कुठे चुकतंय? आणि दुसरं, पंधरा मुलांचे पंधरा रोबो असतील तर हे सगळं मांडायचं कसं? प्रत्येकाचा वेगळा प्रोजेक्ट करायचा की सगळ्यांचा एकच?


लोहचुंबक

ताई, तुमची मांडणी चांगली आहे. लिखाण एका जागी आणि खेळ दुसऱ्या जागी, हे तुम्ही आपणहून केलंत ते फार बरं झालं. बरेच जण खेळाच्या 'रोबोट्स' फोल्डरातच सोर्स लिहीत बसतात आणि खेळाची नवी आवृत्ती टाकताना जुना फोल्डर पुसला की महिन्याचं काम त्याच्याबरोबर जातं. माझं गेलंय एकदा. दोन रोबो होते. त्यातल्या एकाची हालचाल मला पुन्हा कधीच तशी जमली नाही.

आता चूक. पत्ता एक पायरी जास्त खोल गेलाय. 'पहिला' हा तुमच्या दृष्टीने फोल्डर आहे, जावाच्या दृष्टीने तो क्लासच्या नावाचा भाग आहे. तुमच्या क्लासचं पूर्ण नाव 'गरुड' नाही, 'पहिला डॉट गरुड' आहे. खेळ तुम्ही दिलेल्या पत्त्यावर उभा राहतो आणि तिथून खाली फोल्डर बघत पॅकेजचं नाव जुळवतो. तुम्ही त्याला 'पहिला'च्या आत नेऊन उभं केलंत. तिथून त्याला नुसता 'गरुड' दिसतो, फाइल उघडली तर आत नाव निघतं 'पहिला डॉट गरुड', आणि दोन्ही जुळत नाहीत. म्हणून पत्ता 'प्रॉडक्शन'च्या आतल्या 'रोबो'पर्यंतच द्या. सोर्सच्या फोल्डरचा पत्ता देऊनही चालत नाही, खेळाला कंपाइल झालेली क्लास फाइल लागते. (इंटेलिजेऐवजी एक्लिप्स वापरणाऱ्यांसाठी: तिथे हाच फोल्डर 'बिन' नावाचा असतो.)

पत्ता बदलल्यावर ऑप्शन्समधून रोबोंची कॅश एकदा साफ करा. खेळ सापडलेल्या रोबोंची नोंद ठेवतो आणि कधी कधी जुन्या नोंदीवरच चालतो.

मेन मेथड काढून टाका. रोबो हा स्वतंत्र चालणारा प्रोग्राम नाही. खेळ त्याला तयार करतो, त्याची 'रन' मेथड बोलावतो, समोर कोणी दिसलं की 'ऑन स्कॅन्ड रोबोट' बोलावतो. तुम्ही कोणाला बोलवायचं नाही, बोलावणं आलं की उत्तर द्यायचं. मुलांना हे पहिल्याच तासाला सांगा, कारण आधी साधे प्रोग्राम लिहिलेल्या प्रत्येकाला "सुरुवात कुठून होते?" हा प्रश्न पडतोच.

इंटेलिजेतूनच खेळ सुरू करायचा असेल तर तेही जमतं. रन कॉन्फिगरेशनमध्ये मेन क्लास म्हणून 'रोबोकोड' पॅकेजमधला 'रोबोकोड' द्या, वर्किंग डिरेक्टरी म्हणून खेळाचा फोल्डर द्या, आणि खेळ सुरू करणाऱ्या बॅट फाइलमध्ये जावासाठी जे पर्याय लिहिलेत ते जसेच्या तसे व्हीएम ऑप्शन्समध्ये चिकटवा. ते मनाने लिहू नका. जावा १७ आणि त्यापुढे त्यातले काही पर्याय नसतील तर खेळ अर्ध्यावर अडतो. ब्रेकपॉइंट लावून तपासायचं असेल तर 'डीबग बरोबर ट्रू' हा पर्यायही जोडा. नाहीतर तुम्ही एका ओळीवर थांबून विचार करत असता आणि तेवढ्यात खेळ तुमच्या रोबोने टर्न (खेळातल्या वेळेची एकेक पायरी) चुकवल्या असं धरून पुढे जातो.


सांजवारा

पत्त्याबद्दल वर सांगितलंय ते बरोबरच आहे. तरीही दिसला नाही तर जावाच्या आवृत्त्या बघा. इंटेलिजे स्वतःच नवा जेडीके (कंपाइल करणारा जावाचा संच) उतरवून घेतो, आणि खेळाची बॅट फाइल मशीनवर आधीपासून असलेला जुना जावा उचलते. नव्याने कंपाइल केलेला क्लास जुन्याला वाचता येत नाही. खेळासोबत जी काळी खिडकी उघडते ती बंद करू नका, तिच्यात काय छापलंय ते वाचा. क्लास फाइलचे आकडे असे ओळखायचे: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.


गणित_ताई

दोघांचेही मनापासून आभार. रात्री साडेअकराला गरुड यादीत आला!

चुका दोन होत्या, एकीमागे एक लपलेल्या. पत्ता एक पायरी वर घेतला, कॅश साफ केली, तरी गरुड नाही. एरवी मी पुन्हा पत्त्याशीच झटत बसले असते. पण सांजवारा यांनी सांगितलं म्हणून काळी खिडकी वाचली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की क्लास फाइल ६५ ची आहे आणि हा जावा ५५ पर्यंतच ओळखतो. म्हणजे इंटेलिजे २१ वापरत होता आणि खेळ ११. आज संध्याकाळपर्यंत मी ती खिडकी रोज खाली सारत होते, ती काहीतरी आतली बाब असेल असं समजून. तीन रात्री उत्तर तिथे छापलेलं होतं.

प्रोजेक्टचा एसडीके, म्हणजे तो वापरतो ती जावाची आवृत्ती, ११ केली, पुन्हा बिल्ड केलं, आणि झालं. शाळेतल्या मशीनवरही ११ च आहे, तेव्हा हेच ठेवते.

आता मात्र खरा घोळ. गरुडला शत्रू दिसतो आणि तो तोफ भलतीकडेच वळवतो. मी शत्रूची जागा काढते ती आपल्या नेहमीच्या पद्धतीने: अंतर गुणिले कोसाइन हा एक्स, अंतर गुणिले साइन हा वाय. गणित शिकवते, त्यामुळे निदान इथे तरी चुकणार नाही असं वाटलं होतं. कागदावर तीन वेळा तपासलं. मी चुकले नाहीये, आणि तरीही गोळा भिंतीवर जातो.


लोहचुंबक

तुमचं गणित चुकलेलं नाही ताई, शून्य वेगळीकडे आहे.

पुस्तकात शून्य अंश उजवीकडे असतो आणि कोन घड्याळाच्या उलट वाढतो. रोबोकोडमध्ये शून्य वर असतो आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो, होकायंत्रासारखा: वर ०, उजवीकडे ९०, खाली १८०, डावीकडे २७०. आरंभबिंदू मात्र तुमच्या आलेखासारखाच खालच्या डाव्या कोपऱ्यात. त्यामुळे साइन आणि कोसाइन जागा बदलतात. अंतर गुणिले साइन हा एक्स, अंतर गुणिले कोसाइन हा वाय. उलट जाऊन दिशा काढायची असेल तर 'एटॅन टू'ला (फरकांवरून कोन काढणारं फंक्शन) आधी एक्समधला फरक द्यायचा, मग वायमधला. ज्यांना त्रिकोणमिती येत नाही ते उदाहरण उतरवून घेतात आणि सुटतात. ज्यांना येते तेच इथे अडतात.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. खेळ शत्रूची दिशा सांगतो ती तुमच्या रणगाड्याच्या तोंडापासून मोजून, उणे १८० ते अधिक १८०. तोफेचं तोंड वेगळं, तिचा कोन वरच्या शून्यापासून. म्हणून तोफ किती वळवायची तर: रणगाड्याचं हेडिंग (तोंडाची दिशा, वरच्या शून्यापासून) अधिक बेअरिंग, वजा तोफेचं हेडिंग. आणि जे उत्तर येईल ते उणे १८० ते १८० मध्ये आणायचं.

ही शेवटची पायरी मुलं हमखास गाळतील, म्हणून आकडे घालून दाखवा. रणगाड्याचं तोंड ९० वर, शत्रूचं बेअरिंग ३०, म्हणजे शत्रूची खरी दिशा १२०. तोफ ३३० वर. वजाबाकी उणे २१०. म्हणजे तोफ डावीकडे २१० अंश फिरणार. पण उजवीकडून तेच अंतर १५० च आहे. तोफ एका टर्नमध्ये २० अंशच वळते. १५० ला ८ टर्न, २१० ला ११. त्या ३ टर्नमध्ये पूर्ण वेगातला शत्रू २४ पिक्सेल पुढे जातो. रणगाडा स्वतःच ३६ पिक्सेलचा चौरस आहे. म्हणजे मधोमध नेम धरला असेल तर गोळा हुकायला एवढं पुरतं.

तोफ रणगाड्यावर बसवलेली आहे आणि रडार तोफेवर. काही सांगितलं नाही तर खालचं वळलं की वरचंही त्याच्याबरोबर वळतं. रणगाडा वळताना तोफ स्थिर हवी असेल तर 'रन'च्या सुरुवातीलाच तसं सेट करावं लागतं, तोफ आणि रडारचंही तसंच. तुमचा गोळा भिंतीवर जाण्यात याचाही वाटा असू शकेल.

मुलांच्या पहिल्या रोबोसाठी एक सुचवतो, पटलं तर बघा. 'अ‍ॅडव्हान्स्ड रोबोट' नको, साधा 'रोबोट' घ्या. त्यात १०० पिक्सेल पुढे जा म्हटलं की ते पूर्ण झाल्यावरच पुढची ओळ चालते. मुलाला कोड वाचता वाचता रणगाडा दिसतो. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'सेट'ने सुरू होणाऱ्या सगळ्या आज्ञा आधी साठतात आणि 'एक्झिक्यूट' म्हटल्यावर एकदम लागू होतात. चालता चालता वळणं आणि नेम धरणं त्यामुळेच जमतं, पण ते कळायला आधी साध्याची मर्यादा टोचावी लागते.


टर्मिनल_टिपणे

मध्ये पडतो. नव्याने सुरुवातच करताय तर रोबोकोड टँक रॉयल, म्हणजे त्याच खेळाचा नवा अवतार, का नाही? मूळ रोबोकोड मॅथ्यू नेल्सन यांनी २००० च्या अखेरीस लिहायला घेतला, २००१ मध्ये आयबीएमच्या अल्फावर्क्स या संकेतस्थळावर आला, २००५ मध्ये मुक्तस्रोत झाला. त्याची रचना त्या काळची आहे. त्यातले रोबो कुंपणात ठेवायला जावाचा सिक्युरिटी मॅनेजर वापरला गेला, आणि जावा २४ मध्ये तो कायमचा बंद झाला. टँक रॉयलमध्ये प्रत्येक बॉट वेगळा प्रोग्राम असतो आणि वेबसॉकेटवरून सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे जावाच हवी असं बंधन नाही, पायथनही चालते.

आणि ताईंना आवडेल अशी गोष्ट: तिथे शून्य अंश उजवीकडे आहे आणि कोन घड्याळाच्या उलट वाढतो. अगदी पुस्तकासारखं.

मांडणीचा नियम एवढाच की फोल्डरचं आणि आतल्या फाइलींचं नाव एकच हवं. 'गरुड' फोल्डर असेल तर आत गरुड नावाची सोर्स फाइल, गरुड नावाची जेसन फाइल (बॉटची माहिती असलेली) आणि बॉट सुरू करणारी त्याच नावाची स्क्रिप्ट. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर बॉट दिसत नाही. तिथे मेन मेथड लागते बरं का, कारण तो खराच स्वतंत्र प्रोग्राम आहे.


लोहचुंबक

टँक रॉयल चांगला आहे यात वाद नाही. पायथन येणारी मुलं असतील तर मीही तोच घेईन. पण पंधरा मुलं आणि एक शिक्षक असताना मी आधी काय बिघडू शकतं ते मोजतो. जुन्या रोबोकोडमध्ये जार जोडली, एक पत्ता दिला की संपलं. नव्यात प्रत्येक बॉटची जेसन, स्क्रिप्ट, सर्व्हरशी जोडणी. रोबो लढला नाही तर चूक मुलाच्या विचारात आहे की जोडणीत, हे शोधण्यात तास निघून जाईल. जावा ११ वर ताईंचं सगळं आता चालू आहे. चालू असलेलं मोडू नये असं माझं मत.

पंधरा रोबोंचं राहिलं होतं. एकच प्रोजेक्ट ठेवा, प्रत्येक मुलाला एक पॅकेज. पत्ता एकदाच द्यावा लागेल आणि सगळे यादीत येतील. पॅकेज वेगळं असल्यामुळे दोघांनी रोबोचं नाव 'वाघ' ठेवलं तरी भांडण नाही. आणि प्रत्येक मुलाला दाखवा की लढतीच्या खिडकीत उजव्या बाजूला आपल्या रोबोच्या नावाचं बटण असतं. ते दाबलं की त्या रोबोची स्वतःची कन्सोल उघडते. कोडमधून छापलेली ओळ तिथे दिसते आणि रोबो कोसळला तर कारणही तिथेच. त्या खिडकीचं महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको.


गणित_ताई

टर्मिनल_टिपणे, मोह झाला हे मान्य करते. पुस्तकासारखे कोन म्हणजे माझं काम निम्मं झालं असतं. पण दोन दिवस विचार केला आणि माझं मत उलटं झालं. मुलांना शून्य 'उजवीकडेच' असतो असं वाटतं, कारण मी तसंच शिकवलंय. शून्य कुठे ठेवायचा हे माणसं ठरवतात आणि ठरवलं की साइन-कोसाइन त्याप्रमाणे बसतात, हे मी फळ्यावर कधी सांगितलंच नाही. सांगायचं निमित्तच नव्हतं. तेव्हा जुनाच रोबोकोड.

काल दोन मुलांना घेऊन एक चाचणी तास घेतला. दोन पॅकेजं, साधा 'रोबोट'. दोघांनी पहिला प्रश्न तोच विचारला: "बाई, तोफ सुरुवातीला चालतच नाही." मी कन्सोलवर टर्नचा आकडा आणि तोफेची उष्णता छापायला सांगितली. सुरुवातीची ३, मग दर टर्नला ०.१ ने कमी; ती शून्य झाल्याशिवाय तोफ चालत नाही. मुलीने भागाकार करून सांगितलं, तिसाव्या टर्नच्या आधी कोणीच गोळी झाडू शकत नाही. तिने पुढचं स्वतःहून काढलं: मग पहिल्या तीस टर्न नेम धरण्यात वाया का घालवायच्या, त्या वेळात कोपऱ्यातून बाहेर पडू.

मग मी गोळ्याच्या ताकदीचं गणित दिलं. वेग म्हणजे २० वजा ताकदीची तिप्पट. ताकद ३ असेल तर वेग ११, नुकसान १६. ताकद १ असेल तर वेग १७, नुकसान ४. शत्रू ४०० पिक्सेलवर, कमाल वेग ८. मुलगा लगेच म्हणाला, मोठाच गोळा मारायचा, चौपट नुकसान आहे. मुलीने गोळा पोचायला लागणाऱ्या टर्न काढल्या, ३७ आणि २४, आणि तेवढ्यात शत्रू किती लांब जाईल ते वहीत मांडलं, २९६ आणि १९२. मुलगा तरी ऐकेना. मी निकाल दिला नाही. दोघांनी आपापल्या रोबोत आपापला आकडा घातला आणि शंभर फेऱ्या लावल्या.

तास संपला तेव्हा बासष्टावी फेरी चालू होती. घंटा झाली, दोघंही जागची हलली नाहीत. मुलगा मागे पडला होता, पण पडद्यावरून नजर न काढता त्याने विचारलं, "बाई, शत्रू जवळ असेल तेव्हा तीन आणि लांब असेल तेव्हा एक असं लिहिता येतं का?"

शनिवारपर्यंत ते त्यालाच लिहू देणार आहे. मला आता एवढंच विचारायचंय: शाळेच्या मशीनवर मुलांना खेळाच्या फोल्डरात लिहायची परवानगी नाही. खेळ एखाद्या वेगळ्या फोल्डरात टाकला तर चालेल का?


सांजवारा

चालेल. जिथे मुलांच्या खात्याला लिहायची मुभा आहे असा कुठलाही फोल्डर घ्या. खेळ आपली कॅश आणि सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरात लिहितो, म्हणून तिथे परवानगी लागते. पत्त्यात रिकाम्या जागा नसलेल्या बऱ्या. जागा बदलल्यावर इंटेलिजेत जारचा पत्ता आणि वर्किंग डिरेक्टरी दोन्ही बदलायला विसरू नका. आणि त्या मुलाने काय लिहिलं ते इथे नक्की सांगा.